तिच्या वतीनं

त्या दिवशी संचालक सरांनी मले खुर्ची दिली.

बावीस वर्षं झाली मले त्या संस्थेत. झाडझूड, चहा, अन् गावोगावच्या भिंतींवर गेरूनं अक्षरं काढणं. बावीस वर्षांत कोणी 'बसा' म्हणलं नाई. त्या दिवशी सर स्वतः उठले, खुर्ची ओढली, पाहुण्यांच्या कपात मले चहा दिला. माझा स्टीलचा गिलास खिडकीत तसाच पडून होता. मी बसलो. छाती फुगवून बसलो. आता आठवलं की अंगाले चटका बसते.

समोर मॅडम होत्या, संस्थेच्या तक्रार समितीच्या प्रमुख. टेबलावर टाइप केलेला एक कागद.

माझी मुलगी रेखा त्याच संस्थेत बायांचे गट पाहात होती. छत्तीस वर्षांची बाई. नवऱ्यानं टाकल्यावर घरी आली, बारावी केली, आपल्या पायावर उभी झाली. दौऱ्याच्या जीपमधी एका साहेबानं तिच्या अंगाले हात लावला. एकदा नाई, तीनदा. तिनं स्वतः दोन पानं लिहिली, खाली सही केली, समितीले दिली. संस्थेचं धोरणच तसं होतं. बाईनं सांगावं, समितीनं ऐकावं. त्याचं गुळगुळीत छापलेलं पुस्तकही होतं.

समितीनं तिले बोलावलं नाई. मले बोलावलं.

"बाबा, घरातले मोठे तुम्ही," सर म्हणाले. "मुलगी रागाच्या भरात लिहून गेली. नाव तिचंच खराब होईल. तिच्या वतीनं तुमची सही झाली की पुरे."

"याच्यात काय लिहिलं?"

"काही नाही. तुमच्याशी बोलणं झालं, एवढंच. वाचा ना."

मी चौथी शिकलो. भिंतीवरची हातभर अक्षरं मले नमुना पाहून काढता येतात. टाइपाची बारकी अक्षरं फुटत नाईत. 'मले वाचता येत नाई, रेखाले बोलवा', एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाई. खुर्चीवर बसलो होतो न. कागद डोळ्यापुढं धरला, वरून खाली नजर फिरवली.

म्हणलो, "वाचलं."

अन् सही केली. अंगठा मी कधी लावला नाई. आमच्या घराण्यात पहिली सही माझी. खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

सर मॅडमकडे पाहून हसले. "बघा, बाबांची सही माझ्यापेक्षा ऐटदार."

मीही हसलो.

आठ दिवसांनी रेखाले पत्र आलं. अंगणात उभी राहून तिनं मले वाचून दाखवलं. 'तक्रार गैरसमजातून झाली होती. तक्रारदाराच्या वतीने वडिलांनी ती मागे घेतली आहे.' सोबत माझ्या सहीची झेरॉक्स. रेघ, दोन टिंबं.

ती रडली नाई. "बाबा, हे तुमी केलं?"

"तुह्या भल्यासाठी," म्हणलो. तेही खोटं.

"केळझरच्या रोडवर त्या भिंतीवर काय लिहिलं तुमी? सांगा बरं."

सरपंचबाईच्या जागी तिचा नवराच सह्या ठोकायचा, म्हणून संस्थेनं एक वाक्य काढलं होतं. सेलूपासून केळझरपर्यंत कितीक भिंतींवर मीच लिहिलं ते. 'तिची सही तीच करेल.'

साहेब जागच्या जागी राह्यला. रेखाची बदली झाली पार तळेगावले. दिवस एसटीतच जाये. दोन महिन्यांत तिनं काम सोडलं. आता लोकांच्या वावरात कापूस वेचाले जाते. वावरातल्या बाया विचारतात, "तुह्या बापानंच मिटवलं म्हन्ते न व?" ती माझ्यापुढं ताट ठेवते अन् आत जाते.

मी कागद वापस मागाले गेलतो. खुर्ची तिथंच होती, रिकामी. कोणी बसा म्हणलं नाई.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, फाइल बंद झाली. आता तुम्ही फिरलात तर तुम्हीच खोटे ठराल."

"ठरू द्या."

सरांनी मान वर केली नाई. "सोमवारी बाहेरचे पाहुणे येतायत. केळझरची भिंत फिकी पडली आहे. अक्षरं जरा गडद करून टाका."

घरी आलो. रेखा तांदूळ निवडून राह्यली होती. म्हणलो, "मी काय करू तुह्यासाठी?"

"माह्यासाठी काई नका करू," ती म्हणाली. "तेच त करून ठेवलं तुमी."

मी ओट्यावर बसून राह्यलो. तिचं लग्न मी ठरवलं, तिले विचारलं नाई. सोडचिठ्ठीच्या बैठकीत मीच बोललो, ती आत होती. जलमभर मी तिच्या वतीनंच बोललो. सरांनी मले नवं काही शिकवलं नाई. हा माणूस सही करेल, हे त्यांले माहीत होतं. बाबा म्हणून बोलावलं, बाप म्हणून वापरलं.

मग एक कागद लिहिला. भिंतीवरची अक्षरं आठवून एक एक जुळवलं, चार दिवस लागले. 'मले वाचता आलं नव्हतं. वाचलं म्हणलो ते खोटं. माझी मुलगी जिती आहे, शहाणी आहे. तिच्या वतीनं सही कराचा मले हक्क नव्हता. ती सही मी रद्द करतो.' खाली सही. रेघ मारली नाई. टिंबं नाई.

रेखाले दाखवला. तिनं वाचला, घडी केली, माझ्या हातात दिला. तिची दोन पानं ती पुन्हा देईल का, कुठं देईल, मी विचारलं नाई. तिचं ती पाहील.

सोमवारी मी गेरू भिजवणार नाई. कामावरून काढतील. काढोत. पाहुणे येतील तवा मी त्या भिंतीखाली उभा राहीन. खुर्ची दिली तरी बसणार नाई. माझा कागद मीच वाचीन, एक एक अक्षर फोडत. मले वेळ लागेल. त्याइले उभं राहून ऐकावं लागेल.