चांदमारीच्या बेटावर भरीत

मंडळी, आज वाचनालयाच्या फळ्यावर माझा ताजा अनुभव वाचा.

गिरणा नदीतल्या बेटावर पूर्वी लष्कराची चांदमारी, म्हणजे गोळीबाराचा सराव, चालायची. लाल निशाण लागलं की नदीत उतरायचं नाही, ही गावाची शिस्त. आता तिथं बाग झालीय. म्हणून आज भरताची वांगी घेऊन आम्ही निघालो, तर बेटावर लाल काहीतरी फडफडताना दिसलं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अक्कांनी, सगळ्यांना काठावरच बसवलं. "थांबा, गोळीबार चालू शे!"

बऱ्याच वेळानं बेटावरून एक बाई ओरडली, "या ना वं! ते मनं लुगडं शे, वाळाले टाकेल शे!"

अक्का हसतच पाण्यात उतरल्या. परतताना तिला म्हणाल्या, "रोज टाकत जाय. आते लाल दिखनं की लोके येतीन."

तुमच्याकडची कुठली जागा कधीच उघडलीय, पण तुम्ही अजून काठावरच बसलात?