झोपेत गेलेला शेवट

आमच्या वाचनालयाचं सिनेमा-मंडळ लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन सुरू झालं आणि तसंच राहिलं. घुग्घुसच्या खाणीतले एक फोरमन, कुरखेड्याच्या अंगणवाडी सेविका, अहेरीचे निवृत्त मास्तर, शिवाय येऊन-जाऊन असणारे चारदोन. चंद्रपुरात बसून ते चालवते मी, ग्रंथपाल. दर रविवारी चार वाजता एक जुना कृष्णधवल सिनेमा चर्चेला.

अहेरी-कुरखेड्याकडे नेटवर्कवर अख्खा सिनेमा उतरत नाही. म्हणून पद्धत पडली, की पाहिलेल्याने आधी गोष्ट सांगायची. नियम माझा : न पाहिलेल्यांनी प्रश्न विचारावेत, मत देऊ नये. दोन महिन्यांपूर्वी सेविकाबाईंनी मत दिलं, तेव्हा मी सगळ्यांसमोर त्यांना गप्प केलं होतं. त्यानंतर त्या यायच्या, पण माइक बंद ठेवून.

गेल्या महिन्यात गोष्ट सांगायची पाळी माझी होती. शनिवारी वाचनालयात वाळवी लागलेली दोन कपाटं रिकामी केली, पुस्तकं उन्हात घातली, परत भरली. घरी येऊन सिनेमा लावला आणि बसल्या जागी झोपले. जागी झाले तेव्हा तो संपला होता. रविवारी सकाळी शेवट पाहता आला असता. पाहिला नाही. कंटाळा आला होता, दुसरं कारण नाही.

बायकोला टाकून शहरात गेलेला कारकून, इथवर गोष्ट खरी सांगितली. पुढचं रचलं : तो बऱ्याच वर्षांनी परत येतो, ती दाराआड उभी राहते, दार उघडत नाही. समाप्त.

सेविकाबाईंचा माइक सुरू झाला. "बाई, तिनं दार काऊन नाई उघडलं, सांगू का?"

प्रश्नाच्या आडून मतच येत होतं. मी म्हटलं, "सांगा."

"उघडलं असतं तं पाणी द्या लागलं असतं. पाणी देल्लं का जेवण. जेवला का तो राह्यलाच."

"म्हणजे माणसानं भाहीरच बसावं का?" फोरमन म्हणाले.

"तुमी बसा न भाऊ. तुमाले कोणी बलावलं?"

सगळे हसले. मग अर्धा तास सेविकाबाई बोलत होत्या आणि बाकीचे त्यांच्याशी भांडत होते. एवढी चर्चा आमच्याकडे कधी झाली नव्हती. मी थांबवली नाही.

शेवटी मास्तर हळूच म्हणाले, "बाई, तरुणपणी हा मी पाह्यला होता. मले वाटते ती दार उघडते. पण माझं वय झालं. तुमी काल पाह्यला, तुमचंच बरोबर असन."

एवढं बोलून त्यांनी मला सुटायला वाट करून दिली होती. पण तेवढ्यात सेविकाबाई म्हणाल्या, "माफ करा, न पाहता बोलली मी," आणि त्यांच्या चौकटीत माइक बंद झाल्याची खूण आली.

"मास्तरांचं बरोबर आहे," मी म्हणाले. "मी झोपले होते. शेवट मनाने सांगितला."

"वा बाई!" फोरमन म्हणाले. "आमाले नियम अन् तुमाले झोप!"

मी सेविकाबाईंना म्हटलं, "माइक सुरू करा. तेव्हा तुम्हाला बोलले, ते चुकलं माझं. तो नियम आजपासून नाही."

चौकटीतली खूण गेली. मग आवाज आला, "मंग मी बोलली ते सिनेमात नाईच?"

"नाही."

"नसू दे. माह्यं मत तेच हाये." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गोष्ट मी सांगतो. कुठूनबी पाहून घेईन, पण पूरा पाहीन. तुमी आयका नुस्तं."

मी हो म्हटलं. पाळीच्या यादीत माझ्या पाळीच्या पुढच्या तीन रविवारांसमोरही त्यांचंच नाव लिहून टाकलं. त्यांना ते नंतर कळवलं.