आक्काचं ‘बघू की’

पदराचं टोक बोटाला गुंडाळत आक्का म्हणायची, “बघू की.” तळेगाव ढमढेऱ्याला कांद्याच्या वखारीत आम्ही शेजारी बसून कांदा निवडायचो. राहायलाही शेजारीच. मुकादमानं उशिरापर्यंत थांबायला सांगितलं की ती म्हणणार, “बघू की,” आणि थांबणार. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मीही त्यातलीच. संध्याकाळी दोघी कंबर धरूनच उठायचो.

तिची मुलगी दौंडला नर्सिंग शिकत होती. सुट्टीला आली की आईला इंग्रजी शब्द शिकवायची. एकदा आक्का कांदा निवडता निवडता म्हणाली, “मी टर्न डाउन शिकले.”

“म्हंजी काय गं?”

“कुणी मागणी घातली, काय देऊ केलं, तर न्हाई म्हणायचं. स्थळ टर्न डाउन केलं, नोकरी टर्न डाउन केली.”

मी चहा पुढे केला. “मग ह्यो कर.”

“पोरगी म्हणली, चहाला चालतं. पर मला न्हाई चालत,” म्हणत तिनं कप रिकामा केला.

मुकादमापुढे मात्र पुन्हा “बघू की.”

तिला खरी धास्ती भावाची होती. वडगाव रासाईचा एकुलता धाकटा भाऊ. भाचीला सून करून न्यायचा मामाचा पहिला मान, असं आमच्याकडे धरतात. तो दर सणाला विचारायचा. ती “बघू की” म्हणायची, आणि तो ते होकारात धरायचा. मुलीला तर शिकायचं होतं.

भाऊबीजेला मी तिच्या ओसरीवरच होते. ओवाळून झाल्यावर त्यानं ताटात साडी ठेवली. “आक्का, आता बघू बास. तुळशीचं लगीन झालं की आपलं उरकू.”

मुलगी चौकटीला धरून उभी. आक्कानं हातातलं निरांजन खाली ठेवलं.

“न्हाई रं भाऊ. पोर न्हाई द्यायची मला.”

“कुणी शिकिवलं तुला?”

“कुणी न्हाई. लय दमले रं मी बघू बघू म्हणून.”

तो न जेवता उठला. साडी ताटातच राहिली.

आता आक्का दौंडला मुलीजवळ असते. वखारीत मुकादम थांब म्हणाला की माझ्या तोंडून तिचंच “बघू की” निघतं.

ती दौंडला जाण्याआधी आणखी एक भाऊबीज झाली. भाऊ आला नाही. दिवस मावळताना आक्का ताट घेऊन अंगणात उभी राहिली. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात, तशी.

“आक्का, तुला तर भाऊ हाय,” मी म्हणाले.

“हाय की.”

चंद्राची बारीक कोर बुडेपर्यंत ती ओवाळत राहिली. अंगावर त्याचीच साडी होती.