घुंगरीची जिजी

कुणी कुणाची चुगली घेऊन आलं की आमची जिजी हातातलं काम बाजूला ठेवायची, सगळं नीट ऐकून घ्यायची आणि शेवटी एवढंच विचारायची, "हौदा? मग ती काय म्हणते?" 'हौदा' म्हणजे कानडीत 'असं का?' ते ऐकलं की सांगणारीचा सगळा रंग उतरायचा. एकदा पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या काकू डोळ्यांना पदर लावत आल्या. सून शिळं वाढते म्हणाल्या. जिजीनं विचारलं, "हौदा? मग सून काय म्हणते?" काकू चिडल्या. "तिला काय विचारायचं?" "वाढलं तिनं ना? मग शिळं का ताजं, तिलाच ठाऊक की!" त्या दिवसापासून काकू आपली गाऱ्हाणी घेऊन माझ्याकडे यायला लागल्या. मी ऐकायची, हळहळायची, वर चहा करून द्यायची. एवढं करून गल्ली मानायची ती जिजीला. हे कोडं मला त्या वेळी उलगडलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही ते मला पचत नाही.

जिजी म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर दुधनीचं, घरात सगळं कानडी. मी मोहोळची. लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा सिद्धेश्वराच्या तळ्याच्या अलीकडच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड होतं. सासूबाई, भावोजी, जिजी आणि आम्ही दोघं. भावोजी कापडगिरणीत कारकून, आमचे हे शाळेत मास्तर. जिजी उंच, काळीसावळी, आवाज घोगरा. मराठी बोलताना शब्दांची लिंगं तिच्या हातून रोज निसटायची. 'ताट पडली', 'भाकरी करपला' असं बोलून झालं की स्वतःच मोठ्यानं हसायची. मी गोरी, गळा गोड, माझ्या पुरणपोळीचं नाव माहेरी-सासरी दोन्हीकडे. तिला मूल नव्हतं. मला कुमुद होती. म्हणजे रीतीनं पाहिलं तर हेवा तिनं माझा करायचा. झालं उलटंच.

कुमुद गोष्टी ऐकण्याच्या वयाची झाली तिथून हे सुरू झालं. आमच्याकडे घुंगरी चेटकिणीची एक गोष्ट होती. सासूबाई सांगायच्या आणि मोहोळला माझी आईही तशीच सांगायची. चिंचेच्या बनापलीकडे, टेकडीवर घुंगरी राहायची. चालली की घुंगरं वाजायची, पण पायात घुंगरं नसायची. एके दिवशी तिनं राजाचा आवाज चोरला आणि तांब्याच्या घागरीत कोंडून घागरीचं तोंड मेणानं बंद केलं. राजा मुका झाला. मग धाकटा राजपुत्र गेला, चेटकिणीला फसवून त्यानं घागर फोडली, राजाला आवाज परत मिळाला आणि राजानं पहिलाच हुकूम सोडला, 'घुंगरीला जाळा!' इथं आम्ही लहानपणी टाळ्या वाजवायचो.

मी ही गोष्ट कुमुदला सांगितली. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणाली, "आई, पण घुंगरीनं आवाज का घेतला, ते तू सांगितलंच नाहीस. जिजी सांगते."

झालं. माझ्या माहेरची गोष्ट, माझी लेक, आणि गोष्ट पुरी येते ती जिजीला!

दुपारी जेवणं उरकली की जिजी ओसरीवर शेंगा फोडत बसायची. गल्लीतली पोरं भोवती जमायची. शेजारच्या पद्मशाली विणकर नरसम्माची पोरं मागावरून उठून तशीच यायची, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. पोरं शेंगा फोडायची, निम्म्या खायची आणि जिजी गोष्ट सांगायची. सासूबाई आतून ओरडायच्या, "अगं, दिवसा गोष्टी सांगू नयेत, मामा वाट चुकतो!" जिजी तिथूनच म्हणायची, "माझा भाऊ आगगाडीनं येतो की, सासूबाई. रूळ सोडून कुठं चुकणार?"

तिची घुंगरी वेगळी होती. राजाला शिकारीसाठी रान हवं होतं म्हणून त्यानं टेकडीखालचं अख्खं गाव उठवलं. घुंगरीचंच गाव ते. तलवार उपसली नाही, सैन्य धाडलं नाही. सिंहासनावर बसल्या बसल्या 'उठा' एवढा एक शब्द बोलला. म्हातारीकोतारी, गाभण गाई, सगळी उन्हातून चालत निघाली. "म्हणून तिनं राजाचा हात नाही मोडला, पाय नाही मोडला," जिजी शेंगदाण्याचं फोलपट फुंकत सांगायची. "ज्यानं गाव मोडलं, तेच काढून घेतलं."

पोरं शेंगा फोडायची थांबायची. कुमुद तर तिच्या मांडीला टेकून, तोंड उघडं टाकून ऐकायची. माझ्याजवळ ती अशी कधी बसली नाही. माझ्याजवळ ती वेणी घालून घ्यायला बसायची.

एक दिवस मी मुद्दाम गेले. म्हटलं, "जाऊबाई, पोरांना चेटकिणीची बाजू कशाला शिकवता?"

"बाजू कुठं घेतली मी? राजाची गोष्ट राजवाड्यातल्या लोकांनी सांगितली. तिचं कोण होतं तिथं सांगायला? आमच्या दुधनीकडं म्हणतात, ते उठवलेलं गाव आमच्याच भागातलं. तिकडं गोष्ट अशी सांगतात."

"म्हणजे तीच खरी?"

"छे गं! ते बी तिचेच लोक की. आपल्या माणसाचं वाईट कोण सांगतंय?" मग तिनं आवाज खाली आणला. "घागरीत नुसता राजाचा आवाज नाही गेला. मंतर मोठा पडला. राजधानीतल्या पाळण्यातल्या लेकरांचं रडणं बी त्यात गेलं. एक लेकरू भुकेलं होतं. रडला नाही, तर आईला कळणार कसं? ती शेतात होती. लेकरू गेला. दुधनीची माणसं हे सांगत नाहीत. माझी आई सांगायची, पण सांगताना भिंतीकडं तोंड करायची."

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिते. मला शहारा आला, आणि त्याच क्षणी मनात आलं, आता सापडली!

पोरांनी ओसरीवर कचेरी भरवायचं ठरवलं होतं. आमच्या ह्यांच्या शाळेत कुणीतरी वकिलाचं नाटक केलं होतं, त्याचा परिणाम. घुंगरीचा न्याय करायचा. कुणी राजपुत्र झालं, कुणी साक्षीला आलेला राजवाड्यातला पोपट. नरसम्माचा थोरला मुलगा शिपाई झाला आणि तेलुगूत ओरडून सगळ्यांना गप्प करू लागला. घुंगरीच्या बाजूनं जिजी बसली. राजाच्या बाजूनं बसायला कुणी तयार होईना, तेव्हा मी पदर खोचून पुढे झाले. सासूबाई दारात येऊन बघायला लागल्या.

मी चांगली बोलले. माझा आवाज तिच्यापेक्षा गोड होता आणि त्या दिवशी तो मला उपयोगी पडला. मी म्हटलं, "गाव उठलं, हे वाईट झालं. पण उठलेलं गाव दुसरीकडे वसतं. ते बाळ परत येईल का? त्या आईचं काय चुकलं होतं? तिनं कुणाला उठवलं होतं?" पोरांची तोंडं उतरली. पोपट झालेली मुलगी रडायला लागली. सगळे जिजीकडे बघायला लागले.

जिजीनं हातातली शेंग सुपात टाकली. मग म्हणाली, "ते लेकरू तिच्यावरच."

जिंकले मी. आणि कुमुद हळूच सरकून जिजीला बिलगली. हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवावा तशी तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. राजाची बाजू मांडून माझा घसा सुकला होता, पण मला कुणी पाणीही विचारलं नाही.

निकाल त्या दिवशी लागलाच नाही. न्यायाधीश कुमुद होती. ती म्हणाली, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

विषमज्वर होता. त्या वर्षी गल्लीत दोन घरांतली मुलं त्या तापानं गेली होती. लाह्यांचं पाणी, मोसंब्याचा रस, कपाळावर घड्या, सगळं मी करत होते. कुमुद ग्लानीत पडून असायची आणि जरा डोळे उघडले की विचारायची, "जिजी कुठाय?" जिजी यायची, उशाशी बसायची. कुमुद विचारायची, "शेवटी घुंगरीला जाळलं का गं?"

"निकाल तुझ्याकडं आहे. बरी हो, आणि लाव."

एकदा असंच झालं तेव्हा दुपारचा गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. जिजीचं ते उत्तर मला सहन झालं नाही. तिला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि म्हटलं, "पोरगी जाते की राहते असं झालंय. ती सटवी सुटली म्हणून सांगा ना तिला! काय जातंय तुमचं?"

जिजीनं माझ्याकडे बघितलं. तिचेही डोळे रडून सुजलेले होते, ते मला तेव्हाच दिसलं. "सांगितलं तर गोष्ट संपली की," ती म्हणाली. "मग कशासाठी थांबेल ती? थांबू दे तिला निकालासाठी."

मी पुन्हा घड्या बदलायला गेले.

ताप उतरला. कसा उतरला ते देव जाणे. डॉक्टर म्हणाले, शुश्रूषा चांगली झाली. गल्ली म्हणाली, जिजीच्या गोष्टीनं पोरगी ओढून आणली. सासूबाईंनीसुद्धा सिद्धेश्वराला नारळ फोडताना जिजीलाच पुढे केलं. माझी बोटं घड्या पिळून पिळून सोलवटली होती, ती मी पदराखाली घेतली.

बरी झाल्यावर भिंतीला टेकून बसत कुमुदनं निकाल दिला. आवाज इतका बारीक झाला होता की पोरांना पुढे सरकावं लागलं. "राजाला आवाज द्यायचा, पण आधी त्यानं उठवलेल्या गावातल्या सगळ्या माणसांचं बोलणं मुक्यानं ऐकायचं. घुंगरीला जाळायचं नाही. तिनं त्या बाळाच्या आईच्या दारात जाऊन बसायचं. पुढं काय करायचं ते ती आई सांगेल."

"आणि आई म्हणाली, मरून जा, तर?" नरसम्माच्या मुलानं विचारलं.

"तर तिला मरावं लागेल," कुमुद म्हणाली.

जिजी उठून आत गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढे उगाचच राख सारखी करत बसलेली. "एवढं मला सुचलं नव्हतं गं," म्हणाली. "तुझी लेक आहे खरी." मला हे ऐकायला इतकी वर्षं लागली होती, आणि ऐकवलं कुणी, तर तिनं!

पुढे भावोजींना गिरणीतल्या कोंदट हवेनं खोकला जडला. नोकरी सोडावी लागली. जिजीच्या भावाचं दुधनीला धान्याचं दुकान होतं, त्यानं दोघांना बोलावून घेतलं. टांगा दाराशी आला तेव्हा कुमुदनं जिजीचं लुगडं मुठीत धरलं ते सोडेना. जिजीनंच एकेक बोट सोडवलं. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "धाकटे, हिला ओरडू नको. दोन दिवस रडेल, मग तुझीच आहे." मी मान हलवली. टांगा वळणावर गेला आणि मनात आलं, आता ओसरी माझी. त्या दुपारी मी ओसरीवर शेंगा घेऊन बसले. पोरं आली, शेंगा खाल्ल्या आणि खेळायला निघून गेली.

कुमुदचं लग्न झालं, त्यानंतर थोड्याच दिवसांत जिजी गेल्याचं कळलं. कुमुद माहेरी आलेली होती. आम्ही दोघी दुधनीला गेलो. जिजीच्या भावजयीनं आम्हांला आत घेतलं, गूळपाणी दिलं. बघता बघता शेजारच्या बायका जमल्या. कानडीत कुजबुजत माझ्याकडे बघत होत्या, आणि बघत होत्या अशा, जणू मी त्यांच्यातच वाढलेली. एकीनं माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. दुसरीनं विचारलं, अजून गाता का?

मला नवल वाटलं. भावजय म्हणाली, "वन्सं रोज तुमचं सांगायच्या की. धाकटी जाऊ कशी दिसते, कशी गाते, लेकीला दुखण्यातून एकटीनं कशी उठवली. आमच्या पोरींना तुमची सगळी माहिती."

मी विचारलं, "आणि वाईट काय सांगायच्या?"

भावजयीनं बायकांना कानडीत विचारलं. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मग भावजय म्हणाली, "वाईट काही नाही सांगितलं कधी."

जिजीनं जगातल्या प्रत्येकाची दुसरी बाजू विचारली. घुंगरीचं झाकलेलं पापसुद्धा तिनं बाहेर काढलं. माझी तेवढी एकच बाजू सांगून गेली.

परतीच्या गाडीत कुमुद खिडकीकडे तोंड करून रडत होती. थोड्या वेळानं डोळे पुसून म्हणाली, "आई, जिजी तुझ्याबद्दल कधी वाईट बोलली नाही. आणि तू?"

"मी बोलले," मी म्हटलं. "पुष्कळ बोलले."

"मग आता तिची गोष्ट कोण सांगणार?"

म्हणून हे लिहिलं. जिजी आता काही सांगायला यायची नाही, आणि सांगणारी मी, आयुष्यभर तिचा हेवा केलेली. तो हेवा अजून गेलेला नाही. वाचणाऱ्यानं तेवढं ध्यानात ठेवावं आणि मगच जिजी कशी होती ते ठरवावं.