रुंद पट्टा बसवणारे भाऊ

अमळनेरच्या आमच्या मेकॅनिकला सगळे नुसते 'भाऊ' म्हणतात. ते चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवतात, त्याची मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. मध्येच कोणी बोललं तर म्हणतात, "आधी गाडीले बोलू द्या." त्यांच्या कामात खोट काढायची कोणाची छाती नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी आपल्या जुन्या पिकअपच्या इंजिनावरचे, पंखा आणि पंप फिरवणारे तीन पट्टे काढून एकच रुंद पट्टा बसवला. दुसऱ्या दिवशी तुमचे आजोबा केळी भरून धुळ्याला निघणार, तोच भाऊ सायकलवरून घामाघूम होऊन फाटकात आले.

"आबा, गाडी काढू नका! मनी चूक व्हयनी. नवा पट्टावर पाणीना पंप उलटा फिरी राहिना. रस्तामा इंजिन तापीसन जळी जाई."

"पंप उलटा फिरतोय? अरे, काल तर छान चालली!"

"काल गल्लीमा जराशी चालनी, आबा. धुळं लांब शे."

दुपारपर्यंत त्यांनी उलट फिरूनही पाणी नीट ढकलणारा पंप शोधून आणला आणि बसवला.

बाळांनो, इंजिन फार जुनं आहे. वाटेत जळालं असतं, तर आम्ही त्याच्या वयालाच दोष दिला असता. हे भाऊंनाही ठाऊक होतं.