कोयत्याच्या कपाळाचा डाग

कोयत्याच्या हातून एकदाही भिंतीवर आपटला नाही असा माऊस आमच्या ऑफिसात नव्हता. कोयता म्हणजे आमचा मुख्य प्रोग्रॅमर. नगरला एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही सात जण मोबाईलचे गेम बनवायचो. चित्रं मी काढायचो आणि तो ती छाटायचा. फोनची मेमरी फुकट खाणारं काही दिसलं की त्याच्या कपाळाची शीर ताडताड उडायची. तोंडावर मात्र आम्ही त्याला दादाच म्हणायचो.

कोल्हारच्या चुलत्याचा एक तडकलेला जुना फोन त्याच्यापाशी असायचा. "ह्याच्यावर चालला तर गेम, न्हाई तर कचरा," असं तो म्हणायचा. गेम मध्येच बंद पडला, की मेमरीत काय काय भरलंय त्याची यादी छापून तो भिंतीवर खिळ्यानं ठोकायचा आणि लाल पेनानं एकेक नाव खोडायचा. पेन कागदातून आरपार जायचं.

त्या वेळी आम्ही बनवत होतो तो गेम लढाईचा होता. सोमवारी गेम विकत घेणारी पुण्याची माणसं तो साध्या फोनवर बघणार होती. बंद पडला असता तर ऑफिसला टाळं लागलं असतं. मी त्यासाठी रक्ताची चाळीस मोठी चित्रं काढली होती, प्रत्येक जखमेचं वेगळं. आठ महिने त्यात गेले होते. कोयत्यानं ती सगळी उडवली. शुक्रवारी मी ती गुपचूप परत घातली, फाईलींना झाडांची नावं देऊन.

शनिवारी दुपारी बाकीचे जेवायला खाली गेले होते. चुलत्याच्या फोनवर गेम बंद पडला. कोयत्यानं यादी छापून टेबलावर पसरली, वाचली आणि हळू आवाजात विचारलं, "पेंटर, ह्या रणात एक झाड न्हाई. मग मेमरीत चाळीस झाडं कुठनं उगवली?"

माऊस माझ्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. मग त्यानं माझी स्क्रीन उचलून फरशीवर आपटली. माझ्या डोळ्यांपुढे लाल झालं. हाताला पाण्याची स्टीलची बाटली लागली, ती मी त्याच्या कपाळात घातली.

तो टेबलावर कोसळला. रक्त यादीवर ठिबकलं. आता हा माझा जीव घेणार, असं मला वाटलं. पण तो कागदाकडे बघत राहिला.

"ह्याचा फोटो काढ," तो म्हणाला. "एवढा एक डाग बास हाय. हाच फिरव, उलटा कर, मोठा कर. मरणाऱ्याला कळत न्हाई, मेमरीला कळतं."

त्याच्या मशीनवर मी तसं केलं. तो कपाळावर रुमाल दाबून शेजारी बसला होता. अख्खं रण एका डागात भिजलं आणि चुलत्याच्या फोनवर गेम चालत राहिला.

मालक वर आले. फुटलेली स्क्रीन, फुटलेला माऊस, कोयत्याचा रक्तानं भरलेला शर्ट त्यांनी पाहिला. माऊस कोण फोडतो, हे त्यांना ठाऊक होतं. "मारामारी करणारा माणूस मला नको," ते कोयत्याला म्हणाले. त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि थांबला. बाटली मी मारली, एवढंच मला सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. त्यानं चुलत्याचा फोन खिशात घातला आणि जिना उतरला.

सोमवारी गेम पसंत पडला. परवा सिटी बसमध्ये शेजारची मुलगी तोच गेम खेळत होती. एकामागून एक शिपाई पडत होते आणि प्रत्येकाखाली कोयत्याचं रक्त पसरत होतं. मला बघवेना. माझा स्टॉप यायच्या आधीच मी उतरलो.