नवा चष्मा

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मी परदेशात, हिल्सबरोच्या एका फार्मसीत कामाला होते. मी काढलेली औषधं तपासून सही करायचं काम तिथल्या मुख्य फार्मासिस्ट बाईचं. ती जपानची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. चूक सापडली तरी "चुकलं" म्हणायची नाही. खोकं घेऊन शेजारी येऊन उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "मला नीट दिसत नाहीये. जरा वाचून दाखवशील?" मी पुण्याची, मनात म्हणायचे, हिला सरळ सांगायला काय होतं?

एका सकाळी गर्दीत तिने पुन्हा तेच विचारलं. मी वैतागून म्हणाले, "बरोबर आहे ते. दोनदा बघितलंय मी."

"असेल, असेल," म्हणत तिने मान किंचित झुकवली, पण खोक्यावरचा हात काही काढला नाही. शेवटी मी वाचलं. समोरच्या बाकावर वाट बघत बसलेल्या आजोबांना मी दुप्पट ताकदीची गोळी देत होते.

"थँक यू," तीच मला म्हणाली. "माझा चष्मा फार जुना झालाय."

आदल्याच शनिवारी बॉटनी डाउन्सच्या चष्म्याच्या दुकानात जाऊन तो चष्मा मीच तिला पसंत करून दिला होता.